शनिवारचा पोलीस-वर्ग

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो, आणि तोही पोलिसांचा. दर शनिवारी सकाळी दहा वाजता, वॉशिंग्टन शहरात, पोलिसांच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचा वर्ग भरायचा. लोखंडी खुर्च्या आणि पाणचट कॉफी. आठ शनिवार. राजधानीच्या पोलीस दलाचा इतिहास, त्याची रचना, हुद्दे, कामाची पद्धत, सगळं सामान्य नागरिकाला फुकट शिकवतात. आम्ही सतरा जण होतो. एक निवृत्त शिक्षिका, दोन दुकानदार, चर्चमधलं एक जोडपं, बाकी कॉलेजची मुलं. त्यांना पोलीस समजून घ्यायचे होते. मला समजूनबिमजून काही घ्यायचं नव्हतं. मला शिकवणाऱ्या बाईंना एकच प्रश्न विचारायचा होता.

बाई म्हणजे सार्जंट व्हिटफील्ड. पन्नाशीच्या, सावळ्या, आवाज असा की माइकची गरज नाही. माझी मुलगी रोशनी अकरा वर्षं या दलात होती, त्यातली शेवटची चार या बाईंच्या हाताखाली. गेल्या मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी, पावसात, पुलावर एक अपघात झाला होता. रोशनी तिथे वाहतूक अडवून उभी होती. मागून येणाऱ्या गाडीला ती दिसली नाही. सदतीस वर्षांची होती.

या देशात पोलीस कामावर असताना गेला तर घरी फोन करत नाहीत. वर्दीतले दोघं जण येतात, दार वाजवतात, टोपी काढतात आणि समोर उभं राहून सांगतात. हे इथे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. माझ्या दारात कोणी आलं नाही. माझ्या एकुलत्या एका मुलीची बातमी मला माझ्या मेहुणीने दिली, तीही आधी चहा पाजून. का आलं नाही कोणी? एवढंच मला विचारायचं होतं. वरिष्ठ म्हणून येण्याची पाळी व्हिटफील्डबाईंची होती, हे मी शोधून काढलं होतं.

पण ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला मी. पहिल्या दिवशी हजेरीच्या कागदावर 'सुभाष खोब्रागडे' लिहिलं. त्या शहराच्या पोलिसांत खोब्रागडे नावाची पट्टी एकाच छातीवर होती. बाईंनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या, मिस्टर खोब्रागडे. पुढे बसा, तिथे नीट दिसतं." बस. मीही वर न बघता पुढे जाऊन बसलो. अंत्यविधीत याच बाईंनी शवपेटीवरचा झेंडा घडी करून माझ्या हातात दिला होता, तेव्हाही मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी हायवेवर गाडी घालत नाही. जर्मनटाऊनच्या माझ्या घरून बसने शेडी ग्रोव्ह, तिथून रेड लाइनची मेट्रो. जायला दीड तास, यायला दीड तास. रागाला एवढा प्रवास सोसतो, हे मला त्या वयात कळलं.

पहिल्या शनिवारी इतिहास झाला. इथे पूर्वी नुसते रात्रीचे पहारेकरी होते. मग १८६१ साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना, राजधानीला स्वतःचं पोलीस दल मिळालं. बाई सांगत होत्या, त्या पहिल्या शिपायांना धड वर्दीही नव्हती. पिस्तूल स्वतःच्या पैशाने आणायचं, बारा बारा तास पहारा आणि आठवड्याचे सातही दिवस काम. मी वहीत लिहून घेत होतो. लिहिता लिहिता मनात आलं, हे रोशनीला नक्की ठाऊक असणार. आणि मी तिला कधी विचारलं नाही.

दुसऱ्या शनिवारी रचना. सात मोठे विभाग, प्रत्येकाचे लहान लहान भाग, प्रत्येक भागाची ठरलेली माणसं. मी आयुष्यभर पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होतो, त्यामुळे मला ते लगेच समजलं. आमच्याकडेही शहराचे झोन असतात, कुठला व्हॉल्व्ह कोणाच्या अखत्यारीत ते ठरलेलं असतं. तिसऱ्या शनिवारी तर मी मनातल्या मनात हसलो. या एका शहरात म्हणे दोन डझनांहून जास्त पोलीस दलं आहेत. संसदेचं वेगळं, बागांचं वेगळं, मेट्रोचं वेगळं, अहो, प्राणिसंग्रहालयाचंसुद्धा वेगळं! शहराचे पोलीस यांच्यात कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे नव्या शिपायाला पाठ करावं लागतं. फूटपाथ एकाचा, हिरवळ दुसऱ्याची. घरी असती तर रोशनीने हे नकला करून सांगितलं असतं. तिला नकला फार छान यायच्या.

चौथ्या शनिवारी बायकांचा विषय निघाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला बायका या दलात आल्या, पण फक्त मुलींची आणि लहान पोरांची प्रकरणं बघायला. पुरुषांसारखी गस्तीची गाडी त्यांच्या हातात यायला आणखी पन्नासेक वर्षं गेली. बाई म्हणाल्या, "मी आले तेव्हा माझ्या मापाचे बूट स्टोअरमध्ये नव्हते." सगळे हसले. मला आठवलं, रोशनीच्या डाव्या टाचेवर सुरुवातीला मोठा फोड असायचा. नंदाने, म्हणजे माझ्या मेहुणीने, मलम लावताना विचारलं होतं आणि मी पेपर उघडून तोंडापुढे धरला होता.

मला लाज वाटते सांगायला, पण खरं तेच सांगतो. अकरा वर्षांत मी माझ्या मुलीला तिच्या कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. दर रविवारी ती यायची. जीन्स आणि साधा शर्ट घालून यायची, जेवायची, माझ्या गोळ्यांचा डबा भरून द्यायची, जायची. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात आमची मंडळी विचारायची, "सुभाषभाऊ, रोशनी काय करते हो हल्ली?" मी म्हणायचो, "गव्हर्नमेंटमध्ये आहे." लोक मान डोलवायचे. कोणाला वाटे शिक्षण खात्यात, कोणाला वाटे आरोग्य खात्यात. मी कोणाचीही चूक दुरुस्त केली नाही.

याचं कारण एका सकाळीत आहे. मी आठ वर्षांचा होतो. विदर्भातलं आमचं तालुक्याचं गाव, गावाबाहेरची आमची वस्ती. कोणाची तरी सायकल चोरीला गेली होती. दोन पोलीस आमच्या दारात आले. दार कसलं, पोत्याचा पडदा होता. बाप जेवत होता. हात धुऊ दिला नाही त्याला. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरातून सरळ होत नव्हता. मरेपर्यंत झाला नाही. सायकल तिच्या मालकाच्या भावाकडेच सापडली. माफी मागायला कोणी आलं नाही, आणि यावं अशी आमची अपेक्षाही नव्हती. हे मी माझ्या बायकोला, सुलभाला, एकदा सांगितलं होतं. रोशनीला कधीच नाही. इथे जन्मलेल्या पोरीच्या डोक्यावर ते ओझं कशाला, असा माझा शहाणपणा.

तर पोलीस अकादमीतून बाहेर पडली त्या दिवशी ती सरळ घरी आली, मला दाखवायला. नवी कोरी वर्दी, बूट चकचकीत, हातात पेढ्यांचा बॉक्स. बेल वाजली, मी दार उघडलं आणि मला आधी माझी मुलगी दिसलीच नाही. मला दारात पोलीस दिसला. आणि भीती वाटली की माझं तोंड सुटतं, ते सुटलं. "या कपड्यांत माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही!"

ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, मोक्याच्या जागी आपलं माणूस पाहिजे? I'm that माणूस."

मी दार लावून घेतलं. सुलभा मागच्या दाराने बाहेर गेली आणि दोघी किती तरी वेळ गाडीत बसून राहिल्या. सुलभाला जाऊन आता सात वर्षं झाली. ते पेढे तिने कोणाला वाटले, ते मला माहीत नाही.

आता तो मंगळवार. पावणेनऊला नंदा आली. ती निवृत्त नर्स, चार मैलांवर राहते. न कळवता आली म्हणून मी वैतागलो. तिने चहा टाकला.

"भाऊजी, बीपीची गोळी घेतली?"

"घेईन ना. सकाळी सकाळी काय चौकशी लावली आहेस?"

"आत्ता घ्या. माझ्यासमोर."

गोळी घेतली. चहा प्यालो. तिने माझा कप काढून घेतला, माझे दोन्ही हात धरले आणि मराठीत, हळूहळू, एक एक शब्द सांगितलं. तिला साडेसातलाच कळलं होतं. म्हणजे सव्वा तासाहून जास्त ती माझ्या मुलीचं मरण जवळ ठेवून होती, आणि वर मला साखर किती विचारत होती! मी तिचे हात झटकले, अनवाणी बाहेर ओट्यावर गेलो. गल्ली रिकामी होती. मी ओरडलो, "अकरा वर्षं राबवून घेतलं, आणि दारात कुत्रंसुद्धा नाही आलं यांच्याकडून!" त्या दिवसापासून नंदाशीही मी नीट बोललो नव्हतो.

सहाव्या शनिवारचा विषय होता, अधिकारी कामावर मरण पावला तर दल काय करतं. मी पहाटे चारपासून जागा होतो. बाईंनी सगळं क्रमाने सांगितलं. कोण कोणाला कळवतं, कुटुंबाजवळ कोण थांबतं, वर्षभर कोण चौकशी करतं. "आणि घरी आम्ही नेहमी स्वतः जातो," त्या म्हणाल्या. "दोघं जण. वर्दीत."

मी उभा राहिलो. आवाज चढला. "नेहमी? मग माझ्या घरी का नाही आलात? पत्ता सापडला नाही? की नाव वाचता आलं नाही?"

चर्चमधल्या बाईंनी तोंडावर हात धरला. सार्जंटबाईंनी हातातली वही मिटली आणि म्हणाल्या, "तुम्ही विचारण्याची मी पाच शनिवार वाट बघत होते, सर. घरच्यांनी विचारल्याशिवाय मला तो विषय काढता येत नाही. वर्ग संपला की थांबाल?"

सगळे गेल्यावर त्यांनी बॅगेतून एक पातळ फाइल काढली. म्हणाल्या, प्रत्येक अधिकारी नोकरीला लागताना एक फॉर्म भरतो. मला काही झालं तर कोणाला सांगायचं, कोणी सांगायचं, कोणत्या भाषेत, घरात कोणाला हार्टचा त्रास आहे का. दर जानेवारीत तो नव्याने भरायचा. बंद पाकिटात राहतो, वेळ आली तरच उघडतात. "तुम्हाला दाखवायची परवानगी मी पहिल्या शनिवारीच काढून ठेवली होती."

फॉर्म इंग्रजीत होता, अक्षर रोशनीचं. मी मराठीत सांगतो.

आधी नंदामावशीला सांगा. बाबांना तीच सांगेल, मराठीत. त्याआधी त्यांनी बीपीची गोळी घेतलेली असावी, पोटात काही तरी गेलेलं असावं. वर्दीतलं कोणीही दाराशी जाऊ नये. घरासमोर पोलिसांची गाडी उभी करू नये. आणि 'कारण' असं छापलेल्या रकान्यात लिहिलं होतं: माझ्या वडिलांनी लहानपणी दारात पोलीस पाहिले आहेत. तसं त्यांना पुन्हा पाहायला लागू नये.

तिला माहीत होतं! सुलभाने सांगितलं असेल, त्या दिवशी गाडीत बसून. अकरा वर्षं मी समजत होतो की पोरगी माझ्यावर रुसून साधे कपडे घालून येते, माझ्या हट्टाला वरवर मान देते. ती रुसली नव्हती. बाई म्हणाल्या, रविवारी ड्युटी संपली की ती थेट मावशीकडे जायची, तिथे कपडे बदलायची आणि मग माझ्याकडे यायची. नंदाच्या कपाटात तिचा एक कप्पाच होता.

मला रडू आवरलं नाही. परक्या बाईसमोर, पोलिसांच्या तळमजल्यावर, मी पोरासारखा रडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, पाण्याचा ग्लास तेवढा पुढे सरकवला.

"आम्ही आलो होतो," त्या म्हणाल्या. "मी आणि माझे कॅप्टन. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सगळ्यांच्या टपालपेट्या आहेत ना, तिथे गाडीत बसून होतो. तुमच्या मेहुणीला काही मदत लागली तर जवळ असावं म्हणून. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमच्या पायात काही नव्हतं. मी गाडीचं दार उघडलं. एक पाय बाहेरही ठेवला. मग आत घेतला. नंतर तुमच्या मागोमाग हॉस्पिटलपर्यंत आलो."

कुत्रंसुद्धा आलं नाही म्हणून मी ओरडलो, ते त्यांना ऐकू गेलं असेल का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

मग त्यांनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे पेन्सिलने एक ओळ लिहिली होती, देवनागरीत. विहारातल्या रविवारच्या वर्गात तिच्या आईने शिकवलेली अक्षरं, जरा वाकडी. "हे आमच्यापैकी कोणालाच वाचता आलं नाही. बाहेरच्या कोणाला दाखवायचं नाही, तुमच्याआधी तर नाहीच, म्हणून तसंच ठेवलं. वर्षभर मला वाटतंय, आमचं काही करायचं राहून तर गेलं नाही?"

मी चष्मा पुसला आणि वाचलं. 'बाबांना विचारून हे बदलायचं.'

त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"मग विचारलं का तिने?"

विचारलं होतं. आदल्याच रविवारी, म्हणजे जाण्याच्या दोन दिवस आधी. मी गॅसपाशी होतो, ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "बाबा, मला एक विचारायचं होतं. Actually, माझ्या कामाचं आहे." मी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणालो, "कामाचं असेल तर राहू दे. वरण उतू जातंय. पानं घे." तिने पानं घेतली. जेवताना तिने मला पाऊस किती पडणार आहे ते सांगितलं.

हेही मी बाईंना सांगितलं, त्यांना सांगितल्याशिवाय मला तिथून उठता आलं नसतं. "चला, तुम्हाला घरी सोडते," एवढंच म्हणाल्या.

मी पहिल्यांदाच पोलिसांच्या गाडीत बसलो, पुढच्या सीटवर. रस्ताभर मी त्यांना विचारत होतो आणि त्या सांगत होत्या. रोशनी गाडीत काय खायची? भाजलेले शेंगदाणे, आणि टरफलं सीटखाली. वायरलेसवर तिचा आवाज कसा होता? शांत, बाकीचे घाबरले की आणखी शांत. कोणाच्या नकला करायची? "माझी," बाई म्हणाल्या, "आणि कधी कधी तुमची." पन्नास मिनिटांत मी अकरा वर्षांचे प्रश्न उरकत होतो. ते कसे उरकणार?

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, टपालपेट्यांपाशी, त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"अजून पुढे आहे," मी म्हणालो. "डावीकडचं पाचवं घर."

"माहीत आहे मला."

"मग घ्या ना पुढे. दाराशी चला. चहा घ्या." त्या हलल्या नाहीत. तेव्हा मला कळलं. मी म्हणालो, "मी सांगतो आहे ना आता! माझं घर आहे, माझं दार आहे. मी माझा शब्द मागे घेतला. या तुम्ही, वर्दीतच या, गल्लीने बघितलं तरी चालेल."

त्यांनी स्टीअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "सर, फॉर्म ज्याचा, तो त्यालाच बदलता येतो. दुसऱ्या कोणाला नाही, वडिलांनाही नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी तिने फॉर्म माझ्या हातात दिला होता. पाळेन असं मी तिला म्हणाले होते."

"तिलाही बदलायचाच होता. तुम्हाला वाचून दाखवलं ना मी?"

"हो," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "पण तुम्हाला विचारून."

मी उतरलो. चार घरं ओलांडून माझ्या दाराशी आलो आणि कुलूप उघडलं. मागे वळून पाहिलं तर त्या गाडीबाहेर येऊन उभ्या होत्या, टोपी हातात घेऊन, टपालपेट्यांच्या पलीकडेच. मी दार सताड उघडलं आणि त्यांना हाताने बोलावलं. मग पुन्हा बोलावलं. त्या आल्या नाहीत.